मुका ह

"आम्ही म्हण."

"आमी."

"आम्ही. ह कुठे गेला तुझा?"

मॅडमनी माझ्या तोंडापुढं कागदाची पट्टी धरली होती. वहीच्या पानाची, बोटभर रुंद. ह नीट उच्चारला की कागद हलतो, असं त्यांचं म्हणणं. माझा कागद हलत नव्हता. समोर सगळा वर्ग बसलेला आणि मी फळ्यापुढं उभी. तिसऱ्यांदा मी पोटातून जोर लावला आणि कागदावर थुंकी उडाली. मॅडमनी ती पट्टी दोन बोटांनी धरून खाली टाकली.

"बरं, आता नाही म्हण."

"न्हाई."

"बघा. ह जिथे हवा तिथे गिळते आणि नको तिथे घालते. हिचा ह म्हणजे हिच्या वडिलांची मेंढरं. कुणाच्याही रानात घुसतात."

वर्ग हसला. पोट धरून हसला. मीही हसले. हसायचं नव्हतं मला, पण तोंडच तसं झालं. ते हसू मला आजही माझ्या तोंडावरून खरवडून काढावंसं वाटतं.

कॉलेज सांगलीचं, विश्रामबागेतलं. पहिलं वर्ष. मी म्हसवडच्या पुढच्या एका वाडीतली. आम्ही धनगर. दिवाळी झाली की आप्पा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात. ऊसवाल्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात आणि पाऊस लागायच्या आत माघारी फिरतात. मी घरातली पहिली कॉलेजला गेलेली. तिथं परदेशी भाषा शिकवतात आणि दरवर्षी थोड्या मुलांना एका सत्रासाठी स्पेनला पाठवतात, एवढं ऐकून मी स्पॅनिशला नाव घातलं. पहिल्या तासाला प्रत्येकानं आधी मराठीतून ओळख करून द्यायची होती. कारण मॅडम म्हणाल्या, ज्याला आपली भाषा येत नाही त्याला परकी काय येणार?

खरी गंमत पुढंच आहे. त्याच आठवड्यात त्याच मॅडमनी त्याच फळ्यावर स्पॅनिशची मुळाक्षरं लिहिली. एका अक्षराभोवती गोल केला. म्हणाल्या, "हा ह. स्पॅनिशमध्ये हा मुका असतो." मुका म्हटल्यावर मागच्या बाकावरची पोरं खिदळली. मॅडमही गालात हसल्या. "लिहायचा, पण बोलायचा नाही. नमस्काराला होला लिहायचं, ओला म्हणायचं. किती नाजूक आहे ना ही भाषा?"

मी मान खाली घालून लिहून घेतलं. पण डोक्यात काहीतरी खटकलं. मी ह गिळला तर गावंढळ, आणि स्पेननं गिळला तर नाजूक? ज्यानं त्यानं आपापला घास गिळायचा, त्यात नाजूक काय आणि गावंढळ काय? मला विचारायचं होतं. विचारलं नाही. विचारताना तोंडातून पुन्हा "आमी" निघालं असतं.

दोन वर्षं मी ह ची तालीम केली. होस्टेलच्या न्हाणीघरात नळ सोडून, आम्ही, तुम्ही, नाही, होय. वर्गात मी कमीत कमी बोलायला लागले. सुट्टीला घरी गेले तरी तेच. एकदा आई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "पावण्यावानी का बोलतीस गं?" त्या सुट्टीत मी घरातही गप्पच राहिले.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला माझी निवड झाली. मॅडमनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आता तरी कॉलेजचं नाव राख." मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, उड्या माराव्यात असा आनंद झाला. क्रियापदं वर्गात सगळ्यात पक्की माझी होती. मला वाटलं, शेवटी कुणीतरी ते पाहिलं.

बाहेर सानिका उभी होती. तिचीही निवड झाली होती. तिच्या वडिलांची वाळव्याकडं उसाची बागायत आणि इथं विश्रामबागेत बंगला. मुलगी वाईट नव्हती, डबा उघडला की आधी माझ्यापुढं करायची. ती म्हणाली, "अगं, तुझं होणारच होतं. तिकडच्या कॉलेजची अटच होती, एक तरी खेड्यातली पाहिजे म्हणून. खर्चसुद्धा तेच करणार आहेत."

म्हणजे क्रियापदं नव्हती पाहिली. आप्पांची मेंढरं पाहिली होती. वर्गात ज्यांच्यावरून हसायचं, तीच मेंढरं आता कामाला आली होती. तेव्हापासून माझ्या मनात जी शंका बसली ती उठलीच नाही. कुणी माझं कौतुक केलं की मी आधी त्याच्या हाताकडं बघते, हा माझ्याकडून काय नेणार आहे म्हणून.

स्पेनच्या पश्चिमेला, पोर्तुगालच्या हद्दीकडं एक लहान शहर आहे. तिथं आम्हाला घरोघरी वाटून दिलं. माझ्या वाट्याला इनेस आजी आली. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी. तिच्या परसात अंजिराचं झाड होतं. पहिल्या दिवशी तिनं दोन पिकलेली अंजिरं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "हिगो."

मी पुस्तकात शिकले होते, अंजीर म्हणजे इगो. ह मुका. मला वाटलं माझ्या कानाचीच चूक. पण मग ती भूक लागली का विचारायला लागली. पुस्तकात भूक म्हणजे आम्ब्रे. आजी म्हणायची हाम्ब्रे. छातीतून ह काढायची. तिच्या तोंडापुढं कागद धरला असता तर उडून गेला असता.

माझ्या आप्पांची मेंढरं आहेत हे मी तिला मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. मला वाटलं, आता ही अरेरे म्हणेल. तिनं विचारलं, "कुत्री किती?" मी सांगितलं, दोन. "चावरी आहेत का?" मी म्हटलं, एक आहे. तिनं समाधानानं मान हलवली. सांगलीत मला गरिबीविषयी पुष्कळांनी विचारलं होतं. कुत्र्यांविषयी कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्री मी पोटभर जेवले आणि पोटभर बोलले.

आता चूक माझी झाली ती अशी. दोन वर्षं ह ह करून माझ्या तोंडाला तो चिकटलेला. त्यात आजीच्या घरी दिवसभर हिगो आणि हाम्ब्रे. एक दिवस तिथल्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, जेवणाच्या सुट्टीआधी कसं वाटतंय? मी पटकन म्हणाले, "तेंगो हाम्ब्रे." मला भूक लागलीय.

बाई थांबल्या. मग हसल्या. चांगल्या बाई होत्या, उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरातून आलेल्या. म्हणाल्या, "हे कुठे शिकलीस? अशी भाषा डोंगरातला मेंढपाळ बोलतो."

मेंढपाळ. त्यांचा शब्द पास्तोर. मला तो शब्द पहिल्या आठवड्यापासून पाठ होता.

वर्गातली दुसऱ्या देशांची मुलं हसली, त्यांना ते नुसतं मजेशीर वाटलं. सानिका हसली, तिला अर्थासकट मजेशीर वाटलं. सांगलीत ह गिळला म्हणून मी मेंढरामागची. इथं ह बोलला म्हणून मी मेंढरामागची. सात समुद्र ओलांडून मी तिथंच येऊन उभी राहिले होते, फळ्यापुढं. फक्त ह नं बाजू बदलली होती.

या वेळी मी हसले नाही. मी म्हणाले, "सी. ला इखा दे उन पास्तोर." हो. मेंढपाळाचीच लेक आहे.

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी दोनदा माफी मागितली. मला माफी नको होती. ह नं बाजू बदलली तरी चूक माझीच कशी, हे मला कळायला हवं होतं, आणि ते हळूहळू कळायला लागलं होतं.

पुरतं कळलं ते रविवारी. इनेस आजीची लेक माद्रिदहून जेवायला आली. कुठल्याशा मोठ्या ऑफिसात होती. परसात अंजिराखाली आजीनं फळांची ताटली पुढं सरकवली आणि म्हणाली, "हिगो घे." लेक माझ्याकडं बघून ओशाळली आणि आईला म्हणाली, "इगो, ममा. इगो. ही मुलगी भाषा शिकायला आलीय, तिला बिघडवू नकोस."

आजी गप्प झाली. जेवण संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. फळ खाल्लं, साल ताटलीत ठेवली, लेकीच्या बोलण्यावर मान डोलवत राहिली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या झाडाखाली ती बाई पावण्यासारखी बसली होती. मला माझी आई आठवली आणि भाकरीवर थांबलेला तिचा हात. मला रडू आलं. मग राग आला. एवढा राग मला माझ्यासाठी कधी आला नव्हता.

सत्र संपलं. आम्ही परत आलो. सानिकानं तिकडचे व्हिडिओ केले होते, ते खूप लोकांनी पाहिले. माझ्याकडं दाखवायला विशेष काही नव्हतं. भाषा मात्र आली होती, चांगली आली होती. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या परीक्षेत मी आमच्या सगळ्यांत पुढं होते. कॉलेजनं पहिल्या वर्षाला स्पॅनिश शिकवायला एक जागा काढली आणि मॅडम म्हणाल्या, ती तुझीच. फक्त पुढच्या बॅचसाठी पालकांचा मेळावा आहे, त्यात तू बोलायचं. विषय, परदेशी शिक्षणानं मला काय दिलं. भाषण आम्ही लिहून देऊ. आणि वडिलांना घेऊन ये, त्यांचा सत्कार आहे. येताना त्यांनी पागोटं घालावं, घोंगडं आणि काठी आणावी.

मी फोनवर आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मेंढरू बी आणू का येक?"

मी हसले. पण त्या हसण्यात काळजी होती. ही नोकरी मला हवी होती. आईचे गुडघे गेले होते, तिला आता रानोमाळ फिरणं झेपत नव्हतं. मी सांगलीत खोली केली असती आणि तिला माझ्याजवळ आणलं असतं. भाषण वाचून पाहिलं. पहिलंच वाक्य होतं, "मी या कॉलेजात आले तेव्हा मला धड मराठीही बोलता येत नव्हतं." मनाला म्हटलं, चार मिनिटांचा तर प्रश्न आहे. वाच आणि खाली उतर. आई डोळ्यांपुढं होती.

मेळाव्याच्या दिवशी आप्पा म्हसवडहून एसटीनं आले. पागोटं त्यांचं नेहमीचंच. घोंगडं आणलं होतं, काठी मुद्दाम घरी ठेवली होती. म्हणाले, "काठी मेंढराम्होरं धरत्यात. मानसाम्होरं कशापायी?"

आम्ही कॉलेजच्या गेटपाशी आलो आणि आप्पा थांबले. गेटावर मोठा फ्लेक्स. एका बाजूला विमानतळावर बॅग घेऊन मी. दुसऱ्या बाजूला मेंढरांमध्ये आप्पा. तो फोटो मी कधीतरी वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला. वर मोठ्या लाल अक्षरांत एक ओळ. आप्पा चौथीपर्यंत शिकलेत. ते एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचायला लागले.

"मु-की हो-ती... बोल-की... झाली."

पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं वळले.

"तू मुकी कवा व्हतीस गं?"

तेवढ्यात मॅडम स्वागताला आल्या. आप्पांनी हात जोडले आणि त्यांनाच विचारलं, "आवं बाई, ही मुकी कवा व्हती? ल्हानपनी हिला गप बसवता बसवता आमचा जीव जायाचा."

मॅडम हसल्या. "आप्पा, ते लाक्षणिक अर्थाने आहे हो. या, आत या. आणि हे बघा, स्टेजवर तुम्ही फक्त नमस्कार करायचा. बोलायचं काही नाही."

"का? म्या बोल्लो तर काय व्हतंय?"

"काही नाही होत. वेळ कमी आहे, एवढंच."

आप्पांनी मान डोलवली आणि गप्प झाले. ती मान मी ओळखली. ती मी अंजिराच्या झाडाखाली पाहिली होती. मॅडम पुढं चालत होत्या, मागं आप्पा घोंगडं सावरत खाली बघत चालले होते. हा माणूस अख्ख्या उन्हाळ्यात कुणापुढं मान खाली घालत नाही. ऊसवाल्याशी मोठ्यानं भांडतो, फॉरेस्टवाल्याशी भांडतो. माझ्या कॉलेजच्या गेटातून आत येईपर्यंत तो मुका झाला होता. माझ्यासाठी.

तिथं माझ्या आतलं काहीतरी तुटलं.

स्टेजवर आप्पांना शाल घातली. त्यांनी नमस्कार केला. टाळ्या झाल्या. मग माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले, लिहून दिलेलं भाषण घडी करून ओढणीत खोचलं आणि जशी आईशी बोलते तशी बोलले. त्या सभागृहात पहिल्यांदा.

"गेटावर आमच्या आप्पास्नी येक प्रश्न पडला. त्यास्नी उत्तर मिळालं न्हाई, म्हणून म्या देती. म्या मुकी कवाच नव्हती. मला हितं गप केलं. तिकडं जाऊन काय मिळालं म्हणून इचारताय, तर ऐका. येक भाषा मिळाली. लय चांगली भाषा हाय, पोरं जरूर पाठवा. पर जुनी भाषा माज्याकडं व्हती. ती घिऊनच मी आले व्हते."

खाली कुजबुज सुरू झाली. मॅडम खुर्चीच्या टोकावर सरकल्या.

"तिकडं येक म्हातारी ह बोलती, म्हणून तिची लेक तिला गप करती. हितं आमी ह गिळतो, म्हणून मॅडम आमाला गप करत्यात. म्हंजी भांडण ह चं न्हाईच. कोण बोलतंय, त्याचं हाय. आमच्या तोंडातनं काय बी निघू द्या, तुमी त्येला चूकच म्हणणार. आता शेवटचं. गेटावरचा त्यो फ्लेक्स उतरवा. त्यावर माजा आन् माज्या बापाचा फोटू हाय आन् आमाला कुणी इचारलेलं न्हाई. त्यो उतरल्याबिगर मी हितनं खाली उतरनार न्हाई."

माईक बंद झाला. कुणी बंद केला माहीत नाही. मागं कुणीतरी टाळी वाजवली आणि एकटाच आहे बघून थांबला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर करून विचारलं, "स्पॅनिशने नोकरी लागते का, ते आधी सांगा." मी म्हटलं, "माजी तर आत्ताच गेली." आणि तशीच उभी राहिले.

बराच वेळ गेला. शेवटी प्राचार्यांनी शिपायाला खुणावलं. मी स्टेजवरून उतरले आणि सरळ गेटाकडं गेले, आप्पा मागोमाग. शिपाई शिडीवरून दोऱ्या कापत होता. फ्लेक्स खाली आला तसा आप्पा म्हणाले, "ह्यो आमाला दे. पावसात मेंढरावर टाकाया उपेगी पडंल." शिपाई म्हणाला, "कॉलेजची मालमत्ता आहे, मामा." आणि आमची दोघांची तोंडं गुंडाळून घेऊन तो आत गेला.

मॅडम गेटापर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. आम्ही तुला घडवलं आणि तू हे दिलंस?"

मी म्हटलं, "कशातनं घडवलं, मॅडम?"

त्या माघारी वळून आत गेल्या.

कुणी असं समजू नये की आप्पांनी माझी पाठ थोपटली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "घरी आईला काय सांगू आता? दम धरायचा व्हतास गं." ते खरं होतं. आई अजून मेंढरांमागं चालते. जागा सानिकाला मिळाली. ती बरं शिकवते म्हणतात. मी म्हसवडला एका दुकानात बिलं करते आणि संध्याकाळी मोबाईलवरून दोघातिघांना स्पॅनिश शिकवते. त्यानं घर चालत नाही. आईकडं बघितलं की मला अजून गलबलतं. तरी त्या दिवशीचं भाषण मी आजही वाचणार नाही.

स्पेनला जाऊन मुलांना काय मिळतं, असं मला पुष्कळ जण विचारतात. पुष्कळ मिळतं. जावं. मी कुणालाही अडवत नाही. पण तिकीट कोण काढतंय, ते का काढतंय आणि परत आल्यावर ते तुमच्याकडून काय वाचून घेणार आहेत, हे आधी विचारावं. मला विचारायला कुणी शिकवलं नव्हतं. कुणी शिकवणारही नाही, कारण त्यात कुणाचाच फायदा नाही.

पुढच्या महिन्यात नव्या बॅचच्या मुलाखती आहेत. यंदा जतकडची एक मुलगी घेणार आहेत असं कानावर आलंय. घरी कानडी, बाहेर आमच्यासारखी मराठी. अट अजून तीच आहे, एक तरी खेड्यातली. वॉचमनला माझ्याबद्दल सांगून ठेवलंय, हिला आत सोडू नका. नका सोडू. गेट रस्त्यावर उघडतं आणि रस्ता कॉलेजचा नाही. मुलाखतीच्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी जाणार आहे. ती पोरगी येईल, एकटी असेल, घाबरलेली असेल. मी तिला अडवणार नाही. फक्त आत जायच्या आधी तिला विचारणार आहे, "तुज्या फोटूखाली काय लिवणार हायत, ते इचारलंस का गं?"